विश्लेषण : शिक्षकांची नजर आधी कोणाकडे वळते? अमेरिकी सरकारी शाळांतील वर्णभेदी साचे कसे मोडणार?

चार मुले टेबलाभोवती खेळत आहेत. एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा आणि एक गोरी मुलगी. बालशिक्षकांना या चित्रफिती दाखवून सांगण्यात आले, की कोणी खोडी काढते का यावर लक्ष ठेवा. त्याच वेळी एक यंत्र शिक्षकांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून होते. येल विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात १३५ जण सहभागी झाले. त्यांची नजर सर्वाधिक काळ कृष्णवर्णीय मुलावर राहिली. कोणत्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावे लागेल, या प्रश्नावर ४२ टक्के जणांनी त्याचेच नाव घेतले. गोऱ्या मुलाचे ३४ टक्क्यांनी. वास्तविक त्या चित्रफितींत खोडी कोणीच काढली नव्हती. अमेरिकेतील सरकारी शाळांपुढचा जुना प्रश्न या प्रयोगात नेमका दिसतो. तो कसा निर्माण झाला, त्यावर कोणते उपाय लागू पडले आणि ते उपाय टिकत का नाहीत, याचा हा आढावा.

अमेरिकेतील ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे काय?

आपल्याकडे नावात ‘पब्लिक स्कूल’ असलेली शाळा बहुधा महागडी, खासगी असते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करदात्यांच्या पैशांतून चालणारी, विनाशुल्क सरकारी शाळा. देशातील सुमारे पाच कोटी मुले अशा शाळांत शिकतात. या शाळा चालवतात त्या १३ हजारांच्या आसपास स्थानिक शाळा-जिल्हा यंत्रणा. त्यांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहावा हिस्सा. उरलेला पैसा राज्य आणि स्थानिक करांतून येतो. स्थानिक करांत मोठा भाग मालमत्ता कराचा असल्याने ज्या वस्तीत घरे महाग, तेथील शाळेची स्थिती सहसा बरी, असे गणित आहे.

या शाळांतील विद्यार्थ्यांत गोऱ्या मुलांचे प्रमाण २०१४ पासून निम्म्याहून कमी झाले आहे. हिस्पॅनिक, कृष्णवर्णीय, आशियाई आणि मूलनिवासी मुले मिळून आता बहुसंख्य आहेत. शिक्षकांमध्ये मात्र सुमारे ८० टक्के गोरे आहेत. समोर बसलेली मुले आणि फळ्यापाशी उभी व्यक्ती यांच्यातील हे अंतर पुढच्या साऱ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

१९५४ च्या निकालाने हा प्रश्न सुटला नाही का?

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले होते. त्या आधारे दक्षिणेकडील राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या ठेवल्या गेल्या. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या न्यायालयाने एकमताने हे विलगीकरण घटनाबाह्य ठरवले. या खटल्यात केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगांचा आधार घेतला गेला. रंग सोडला तर एकसारख्या बाहुल्या समोर ठेवल्यावर बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली पसंत केली होती. भेदभाव मुलाच्या स्वतःविषयीच्या मतापर्यंत कसा झिरपतो, हे त्यातून दिसले.

मात्र निकालानंतरची वाट सरळ नव्हती. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत नेण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. शिवाय एक परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या. त्यामुळे १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज सांगितला जातो. मुले एकाच छताखाली आली. त्यांना ओळखणारे शिक्षक मात्र बाहेर पडले.

पुढे १९७४ मध्ये डेट्रॉइटसंबंधीच्या ‘मिलिकेन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मर्यादा आखून दिली. शहरातील शाळांमधील विलगीकरण मोडण्यासाठी उपनगरांतील शाळा-जिल्ह्यांना सक्तीने सामील करून घेता येणार नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. गोरी कुटुंबे उपनगरांत आणि कृष्णवर्णीय कुटुंबे शहरांत, अशी विभागणी तोवर झालेलीच होती. कायद्याने उभी केलेली भिंत पडली, तरी घरांच्या किमतींनी उभी केलेली भिंत राहिली.

एकाच वर्गात बसूनही भेद कसा होतो?

उघड द्वेष करणारे शिक्षक थोडे असतात. साचा काम करतो तो क्षणार्धात घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी २०१५ मध्ये शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या गैरवर्तनाच्या नोंदी वाचायला दिल्या. काही प्रतींवर कृष्णवर्णीय वाटेल असे नाव होते, काहींवर गोरे वाटेल असे. बाकी मजकूर तोच. पहिल्या चुकीनंतर शिक्षकांच्या प्रतिक्रियांत विशेष फरक नव्हता. दुसऱ्या चुकीनंतर मात्र कृष्णवर्णीय नावाच्या मुलाला अधिक कडक शिक्षा सुचवली गेली. गोऱ्या मुलाच्या दोन चुका दोन वेगळ्या घटना राहतात. काळ्या मुलाच्या दोन चुकांचा ‘स्वभाव’ होतो.

अपेक्षांचेही तसेच. एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याविषयी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना विचारले असता, तो चार वर्षांची पदवी पूर्ण करील असे म्हणण्याची शक्यता गोऱ्या शिक्षकांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. हा अभ्यास सेथ गर्शेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अपेक्षांचा परिणाम होतो, ही कल्पना त्याहून जुनी आहे. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत काही मुलांची नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि ‘ही मुले यंदा चमकणार’ असे शिक्षकांना सांगितले. पहिली-दुसरीतील त्या मुलांचे बुद्धिमापन गुण वर्षाअखेरीस इतरांपेक्षा अधिक वाढलेले दिसले. या प्रयोगाच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली आणि परिणाम वाटला तेवढा मोठा नसतो, असेही पुढे आले. तरीही शिक्षकाने मनोमन बांधलेला अंदाज मुलापर्यंत पोहोचतो, हे आता शिक्षणशास्त्रात कोणी नाकारत नाही.

शिक्षेतील तफावत गरिबीमुळे आहे का?

केंद्र सरकारच्या लेखापाल कार्यालयाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१३-१४ या वर्षी सरकारी शाळांत कृष्णवर्णीय विद्यार्थी १५.५ टक्के होते. शाळेतून निलंबित झालेल्यांत त्यांचे प्रमाण ३९ टक्के होते. श्रीमंत वस्तीतील शाळा असो वा गरीब वस्तीतील, तफावत कायम होती. २०१७-१८ च्या आकडेवारीत पूर्वप्राथमिक वर्गांतील मुलांपैकी १८ टक्के कृष्णवर्णीय होती, तर निलंबित झालेल्यांत ती ४३ टक्के होती. ही तीन-चार वर्षांची मुले आहेत, हे लक्षात घ्यायला हवे.

घरची परिस्थिती, आधीचे वर्तन यांमुळे हा फरक पडत असावा, असे काही संशोधक मांडतात. त्यात तथ्य असेल तर फरक सगळ्याच शिक्षांत सारखा दिसायला हवा. टेक्सास राज्यातील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांचा सातवीपासून पुढे माग काढणाऱ्या २०११ च्या अभ्यासात तसे दिसले नाही. शस्त्र बाळगण्यासारख्या, कायद्यानेच शिक्षा सक्तीची असलेल्या घटना एकूण कारवायांत जेमतेम तीन टक्के होत्या. उरलेल्या जवळपास सर्व शिक्षा शाळेच्या मर्जीतील होत्या. उद्धट बोलणे, आज्ञा न पाळणे, वर्गात व्यत्यय आणणे अशी त्यांची कारणे. ८३ घटक विचारात घेऊन तुलना केली, तेव्हाही मर्जीतील शिक्षा होण्याची शक्यता कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. सक्तीच्या शिक्षांमध्ये असे आधिक्य नव्हते. नियम स्पष्ट असतो तेथे फरक मिटतो आणि ‘उद्धटपणा कशाला म्हणायचे’ हे माणसाने ठरवायचे असते तेथे तो वाढतो. उपायांचा विचार करताना हीच गोष्ट महत्त्वाची ठरते.

‘हुशार भारतीय’ हा चांगलाच शिक्का नाही का?

अमेरिकेतील मराठी कुटुंबांचा या प्रश्नाशी संबंध येतो तो इथे. आशियाई मूल म्हणजे गणितात तरबेज, शांत, आज्ञाधारक, ही प्रतिमा तेथे रूढ आहे. ‘आदर्श अल्पसंख्याक’ या कल्पनेचे मूळ समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांनी १९६६ मध्ये जपानी अमेरिकींवर लिहिलेल्या लेखापर्यंत नेले जाते. स्पेलिंग बी स्पर्धेतील भारतीय वंशाच्या विजेत्यांमुळे आपल्या मुलांना ती आणखी चिकटली.

कौतुकाचा शिक्काही शिक्काच असतो. गणितात अडखळणारा भारतीय मुलगा ‘आळशी’ ठरतो. अध्ययन अक्षमता असलेली मुलगी ‘लाजाळू’ म्हणून दुर्लक्षित राहते. नाटक किंवा खेळाकडे ओढा असलेल्या मुलाला शाळा आणि घर दोन्हीकडून एकाच रांगेत ढकलले जाते. शिवाय हीच प्रतिमा ‘हे पुढे गेले, मग ते का नाही?’ असे म्हणत कृष्णवर्णीयांच्या तक्रारी खोडून काढायला वापरली जाते. आणि ती संरक्षणही देत नाही. ‘सीख कोअलिशन’ या संस्थेच्या २०१४ मधील पाहणीत निम्म्याहून अधिक शीख मुलांनी शाळेत छळ होत असल्याचे सांगितले. फेटा बांधणाऱ्यांत हे प्रमाण दोन तृतीयांश होते.

यावर अभ्यासक्रमाच्या अंगाने काही राज्यांनी पाऊल उचलले आहे. आशियाई अमेरिकींचा इतिहास सरकारी शाळांत शिकवणे इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये कायद्याने बंधनकारक केले. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या न्यूजर्सीने जानेवारी २०२२ मध्ये तसाच कायदा केला.

मग कोणते उपाय लागू पडले?

सर्वांत बोलके उदाहरण फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीचे आहे. विशेष बुद्धिमान मुलांसाठीच्या वर्गात कोणाला पाठवायचे, याची शिफारस तेथे पालक आणि शिक्षक करीत. परिणामी गरीब, हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय मुले या वर्गांत फार कमी दिसत. २००५ मध्ये तेथील प्रशासनाने दुसरीतील प्रत्येक मुलाची भाषेवर अवलंबून नसलेली एक छोटी चाचणी घेतली. त्यात वरचे गुण मिळवणाऱ्यांची पुढे नेहमीची बुद्धिमापन चाचणी झाली. प्रवेशाचा निकष एका गुणानेही खाली आणला नाही. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार, त्यानंतर वंचित गटांतील हिस्पॅनिक मुलांचे या वर्गांतील प्रमाण १३० टक्क्यांनी आणि कृष्णवर्णीय मुलांचे ८० टक्क्यांनी वाढले. मुले आधीही तेवढीच हुशार होती. शिफारशीच्या चाळणीत ती कोणाच्या नजरेत भरत नव्हती.

शिक्षेबाबत कॅलिफोर्नियाने असेच पाऊल उचलले. ‘मुद्दाम अवज्ञा’ या सैल कारणावरून लहान इयत्तांतील मुलांना निलंबित करण्यास तेथे आधी मनाई झाली. २०१९ मध्ये ती आठवीपर्यंत आणि २०२३ च्या कायद्याने बारावीपर्यंत वाढवली गेली. बारावीपर्यंतची तरतूद सध्या २०२९ पर्यंत आहे. शिक्षक मुलाला वर्गाबाहेर पाठवू शकतो. मात्र पुढे काय करायचे, हे शाळेला ठरवावे लागते. केसांच्या ठेवणीवरून होणारा भेदभाव रोखणारा ‘क्राउन’ कायदाही २०१९ मध्ये सर्वप्रथम कॅलिफोर्नियात आला. वेण्या किंवा जटा ‘शिस्तीत बसत नाहीत’ म्हणून मुलांना घरी पाठवले जाई, त्यावरचा तो उतारा. टेक्सासने २०२३ मध्ये असा कायदा केला. पण ‘आमचा नियम लांबीचा आहे, ठेवणीचा नाही’ असे म्हणत तेथील एका शाळेने विद्यार्थ्यावरील कारवाई सुरूच ठेवली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला. कायद्यातील एक फट किती महागात पडते, ते यातून दिसते.

तिसरा उपाय शिक्षकांचा. तिसरीपर्यंत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांची पुढे महाविद्यालयात प्रवेश घेण्याची शक्यता १३ टक्क्यांनी अधिक आढळली, असे गर्शेन्सन आणि सहकाऱ्यांचा टेनेसीतील माहितीवर आधारलेला अभ्यास सांगतो. मात्र १९५४ नंतर गेलेले शिक्षक एका पिढीत परत आणता येत नाहीत. त्यामुळे आहेत त्या शिक्षकांबरोबर काम करणे अपरिहार्य आहे. ओकोनोफुआ यांनी कॅलिफोर्नियातील पाच माध्यमिक शाळांत गणिताच्या ३१ शिक्षकांसाठी दोन छोटी ऑनलाइन सत्रे घेतली. त्यांत पूर्वग्रहावर भाषण नव्हते. मुले का बिघडतात आणि शिक्षकाने आदराने ऐकून घेतले तर काय होते, यावर शिक्षकांनी स्वतः लिहायचे होते. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांतील निलंबनाचे वार्षिक प्रमाण ९.६ टक्क्यांऐवजी ४.८ टक्के राहिले.

कोणते उपाय फारसे उपयोगी ठरले नाहीत?

मनातील सुप्त पूर्वग्रह घालवण्याचे एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण अमेरिकेत सर्रास दिले जाते. सुमारे ५०० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीतील पूर्वग्रह किंचित कमी करता आला, तरी त्यामुळे माणसाचे वागणे बदलते असे त्यात दिसले नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दप्तरी लागते आणि शाळा सुटकेचा निःश्वास सोडते, असा अनुभव अनेक ठिकाणी आहे.

शिक्षेऐवजी समोरासमोर बसून चूक निस्तरण्याच्या पद्धतीचा निकाल संमिश्र आहे. पिट्सबर्गमधील ४४ शाळांत रँड संस्थेने केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निलंबनाचे दिवस घटले, वांशिक तफावतही कमी झाली. परंतु सहावी ते आठवीच्या मुलांचे परीक्षेतील गुण खालावले. वर्गात शांतता हवी असणारी मुलेही बहुतेकदा त्याच गरीब वस्तीतील असतात. शिक्षकांना पुरेसे मनुष्यबळ न देता नुसती शिक्षा बंद केली, तर त्याची किंमत याच मुलांना मोजावी लागते.

वॉशिंग्टनमधील राजकारणाचा काय परिणाम होतो?

ओबामा प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये शिक्षेतील वांशिक तफावतीबाबत शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. ट्रम्प प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये त्या मागे घेतल्या. बायडेन यांच्या काळात २०२३ मध्ये त्याच आशयाचे नवे पत्रक आले. ट्रम्प दुसऱ्यांदा सत्तेत आल्यावर एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी याविरोधात अध्यक्षीय आदेश काढला. शिस्तीचे निर्णय वंश पाहून घेतले जाऊ नयेत आणि वर्गातील सुरक्षितता आधी, अशी त्यामागील भूमिका. त्याआधी फेब्रुवारीत शिक्षण विभागाने समावेशनाचे कार्यक्रम राबवणाऱ्या शाळांचा निधी रोखण्याचा इशारा दिला होता. उच्च शिक्षणातील प्रवेशांत वंश विचारात घेण्यास मनाई करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाचा आधार त्यासाठी घेतला गेला. केंद्रीय न्यायालयांनी या इशाऱ्याला आधी स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडमधील न्यायाधीशांनी तो रद्द ठरवला.

मात्र दुसरा बदल अधिक खोलवर जाणारा आहे. मार्च २०२५ मधील कर्मचारी कपातीत शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाच्या १२ पैकी सात विभागीय शाखा बंद करण्यात आल्या. मुलावर अन्याय झाला असे वाटणारा पालक ज्या दारात तक्रार घेऊन जातो, ते हे कार्यालय. निलंबनाची वंशनिहाय आकडेवारी गोळा करण्याचे कामही याच कार्यालयाकडे आहे. मोजणीच थांबली, तर प्रश्न आहे की नाही हे सांगण्याचे साधनही उरणार नाही.

महाराष्ट्राला यात काय पाहण्यासारखे आहे?

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते त्या मुलांमध्ये मिसळतील आणि त्यांच्या गरजा अधिक जाणतील, असे त्यांचे म्हणणे होते. टेनेसीतील आकडेवारीने जे अलीकडे दाखवले, त्याची जाण पुण्यातील एका शाळाचालकाला १४० वर्षांपूर्वी होती.

वंश आणि जात एकच नव्हेत. पण शिक्का मारण्याची रीत ओळखीची आहे. १८७१ च्या कायद्यान्वये काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी वर्गात पेन हरवले की आधी कोणाचे दप्तर तपासले जाते, हे पारधी वस्तीवरील मुलाला विचारावे.

ब्रोवर्डच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. मंदीनंतर अंदाजपत्रकात कपात झाली आणि सर्व मुलांची चाचणी बंद पडली. निवड पुन्हा शिफारशींवर आली आणि वंचित मुलांचे त्या वर्गांतील प्रमाण पुन्हा घसरले. शिक्षक तेच होते, मुलेही त्याच वस्त्यांतील होती. बदलली होती ती फक्त चाचणी, आणि तिचा खर्च वाचवला तेव्हा कोणाचे नुकसान झाले, हे त्या मुलांच्या घरी कधी कळलेही नसेल.